ठराव, नळ आणि नैरोबीचे पत्र
(परभणी जिल्ह्यातील पालक व विद्यार्थी यांच्यापुढे केलेले भाषण)



आज मी ज्या विषयावर बोलणार आहे तो ऐकताच तुमच्यापैकी पुष्कळांच्या मनात येईल की, या विषयाशी आपला काय संबंध? विषय असा आहे : शहरांच्या विकासाचे काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेत कार्यक्रम-व्यवस्थापनाची उमेदवारी. या उमेदवारीलाच आजची मुले इंटर्नशिप म्हणतात. जिंतूरच्या किंवा पालमच्या शेतमजुराने, पूर्णा जंक्शनवरील रेल्वे कामगाराने, नगरपालिकेच्या सफाई खात्यात राबणाऱ्या बाईने या गोष्टीकडे कशासाठी लक्ष द्यावे?

याचे उत्तर सोपे आहे. तुमची मुले आणि मुली आता पदवीधर होऊ लागल्या आहेत. त्यांच्यापैकी एखादीने अर्ज केला आणि उद्या तुमच्या घरी नैरोबीहून पत्र आले, तर त्या पत्राचा अर्थ तुम्हांला कळला पाहिजे. हल्ली असे पत्र मोबाईलवर येते, एवढाच फरक. अर्थ न समजता पेढे वाटणे जितके घातक, तितकेच अर्थ न समजता "हे आपल्यासारख्यांचे काम नव्हे" म्हणून ते पत्र बाजूला सारणेही घातक आहे. या दोन्ही चुका टाळता याव्यात, एवढ्यासाठीच मी आज उभा आहे.

प्रथम ही संस्था कोणती ते सांगतो. संयुक्त राष्ट्रसंघाची मानवी वसाहतींविषयीची पहिली परिषद १९७६ साली कॅनडातील व्हँकुव्हर येथे भरली. तिच्यातून १९७८ साली एक केंद्र निर्माण झाले. त्याचे मुख्य ठाणे केनिया देशाची राजधानी नैरोबी येथे आहे. १ जानेवारी २००२ पासून या केंद्राला संयुक्त राष्ट्रसंघाच्या स्वतंत्र कार्यक्रमाचा दर्जा मिळाला आणि जग आज त्याला यूएन-हॅबिटॅट या नावाने ओळखते. शहरातील माणसाला घर, पिण्याचे पाणी, शौचालय, रस्ता आणि राहत्या जागेवर टिकून राहण्याचा हक्क मिळावा, म्हणून सरकारांना व नगरपालिकांना साहाय्य करणे हे त्याचे काम. २०१५ साली जगातील राष्ट्रांनी २०३० पर्यंत गाठावयाची सतरा उद्दिष्टे ठरविली. त्यांतील अकरावे उद्दिष्ट शहरांविषयी आहे. पुढे ऑक्टोबर २०१६ मध्ये इक्वेडोर देशातील किटो येथे मोठी परिषद भरली आणि तिने शहरांसाठी नवा कार्यक्रम मान्य केला.

हे सर्व ऐकावयास चांगले वाटते. परंतु बंधुभगिनींनो, हे सारे ठराव आहेत. आणि ठराव म्हणजे काय, हे तुम्हां-आम्हांला कोणी नव्याने शिकवावे असे नाही. आपल्या अनुभवात ठराव आणि पाणी या दोन अगदी वेगळ्या वस्तू आहेत.

महाडची हकीकत आठवा. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात रावबहादूर बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेली अथवा चालविलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुली असावीत, असा तो ठराव. त्याच्या अंमलबजावणीसाठी महाडच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये आपला ठराव केला आणि चवदार तळे सर्वांना खुले असल्याचे जाहीर केले. कागदावर तळे खुले झाले. प्रत्यक्षात तीन वर्षे त्या तळ्याच्या काठी आपला माणूस जाऊ शकला नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले, त्यांनी ते पाणी हाती घेतले, तेव्हा त्या ठरावाची पहिली अंमलबजावणी झाली. आणि ती नगरपालिकेने केली नाही, आपण केली. त्याच वर्षाच्या ऑगस्ट महिन्यात नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला. मग प्रकरण कोर्टात गेले. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने आपल्या बाजूने निकाल दिला. १९२४ ते १९३७! ठराव आणि पाणी यांच्यात तेरा वर्षांचे अंतर पडले.

त्या तेरा वर्षांचे मुख्य कारण सामाजिक द्वेष होय, यात शंका नाही. परंतु तो ठराव कामकाजाच्या दृष्टीने तपासून पाहा. त्याला चार प्रश्न विचारा. हे काम करावयाचे कोणी? केव्हापर्यंत? किती पैशात आणि कोणत्या बंदोबस्तात? आणि झाले की नाही, हे पाहणार कोण? या चार प्रश्नांची उत्तरे ज्या ठरावात नसतात, तो ठराव ज्यांना नको असतो त्यांना काहीच करावे लागत नाही. त्यांनी नुसते स्वस्थ बसून राहिले म्हणजे ठराव आपोआप मरतो. विरोध करण्याचाही त्रास त्यांना पडत नाही.

आता कार्यक्रम-व्यवस्थापन म्हणजे काय ते तुम्हांला एका वाक्यात सांगता येईल. या चार प्रश्नांची उत्तरे आधी लिहून काढणे, ती उत्तरे ज्याच्या त्याच्या गळी उतरविणे, आणि काम पुरे होईपर्यंत त्यांचा पिच्छा न सोडणे, याचे नाव कार्यक्रम-व्यवस्थापन.

हे अधिक स्पष्ट व्हावे म्हणून आपल्याच जिल्ह्यातील चित्र डोळ्यांपुढे आणू. जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरीचे धरण आहे. ते १९६८ साली पुरे झाले. धरणात पाणी आहे, म्हणून घरात पाणी आहे, असे होत नाही. पाणी धरणातून उपसावे लागते, शुद्धीकरण केंद्रात आणावे लागते, उंच टाकीत चढवावे लागते, तेथून मोठ्या वाहिनीत, मोठ्या वाहिनीतून गल्लीच्या लहान वाहिनीत आणि शेवटी घरच्या तोटीत. आता समजा, एखाद्या शहराच्या कडेला नाल्यालगत तीनशे घरांची वस्ती आहे. शहर परभणी म्हणा, गंगाखेड म्हणा, सेलू म्हणा, की मानवत म्हणा. वस्ती वाहिनीच्या शेवटच्या टोकाला. टाकी भरली, तरी तेथे पोहोचेपर्यंत पाण्याचा जोर संपलेला. वाटेत कोणी मोटार लावून पाणी ओढले, की या टोकाला तोटी कोरडी.

या वस्तीला पाणी द्यावयाचे ठरले तर नवी टाकी हे एक काम, वाहिनी हे दुसरे काम, नाल्याची बांधणी हे तिसरे काम, रस्ता हे चौथे काम आणि घराखालच्या जागेचे कागद हे पाचवे काम. यांतील प्रत्येकाला प्रकल्प म्हणतात. या पाचांचा एकमेकांशी मेळ घालणे म्हणजे कार्यक्रम. मेळ नसला म्हणजे काय होते, हे तुम्ही आपल्या दारात पाहिलेले आहे. आज सिमेंटचा रस्ता होतो, फोटो निघतो. आणि सहा महिन्यांनी पाण्याची वाहिनी टाकण्यासाठी तोच रस्ता फोडला जातो. कोणी चोरी केली असेलच असे नाही. पण दोन कामांचे वेळापत्रक एका माणसाने एका कागदावर मांडले नाही, म्हणून लोकांचा पैसा मातीत गेला.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. या विद्येत खर्च, काम आणि फळ हे तीन शब्द वेगवेगळे ठेवावे लागतात. इतके रुपये खर्च झाले, हा खर्च. तीनशे तोट्या बसल्या, हे काम. आणि त्या वस्तीतील मुलगी हंडा घेऊन रांगेत उभी न राहता वेळेवर शाळेत पोहोचू लागली, हे फळ. कार्यालयाचा अहवाल बहुधा कामाशी थांबतो. तोट्या बसल्या, अहवाल पूर्ण. परंतु तोटीला पाणी रात्री दोन वाजता येत असेल, तर त्या घरातील बाईच्या दृष्टीने काम झालेलेच नाही. अहवाल लिहिणाऱ्याने त्या बाईला विचारले की नाही, यावर सर्व अवलंबून आहे.

आता उमेदवाराचे काम काय? नैरोबीच्या किंवा दिल्लीच्या कार्यालयात गेलेल्या मुलाला कोणी शहर बांधावयास देत नाही, हे आधीच समजून असावे. त्याला सभेचा वृत्तान्त लिहावा लागतो. कोणते काम कोणत्या तारखेला व्हावयाचे होते व ते कोठे अडले, याचा तक्ता ठेवावा लागतो. अंदाजपत्रकातील रक्कम आणि झालेला खर्च यांची जुळणी पाहावी लागते. वस्त्यांच्या पाहणीत गोळा झालेली माहिती तपासून एकत्र करावी लागते. अहवालाचा पहिला मसुदा लिहावा लागतो, आणि वरिष्ठाने तो तांबडा करून परत दिला की पुन्हा लिहावा लागतो. हे काम कारकुनी वाटेल. पण यादी कारकून करतो आणि हक्क यादीवरून मिळतो. ज्या वस्तीचे नाव पाहणीच्या कागदावर नाही, ती वस्ती अंदाजपत्रकात येत नाही. आणि जी अंदाजपत्रकात नाही, तिला धरण भरले तरी थेंब मिळत नाही.

याचा दाखला आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात आहे. यूएन-हॅबिटॅटने आशियातील शहरांसाठी पाण्याचा एक कार्यक्रम आखला होता. तो भोपाळ, इंदूर, ग्वाल्हेर आणि जबलपूर या चार शहरांत चालला. तेथे गरिबांच्या वस्त्यांची वस्तीनिहाय पाहणी झाली. कोणत्या वस्तीत पाणी नाही, कोठे शौचालय नाही, कोठे गटार नाही, हे नकाशावर मांडण्यात आले, म्हणजे पैसा प्रथम कोठे जावा हे अंदाजाने न ठरविता नोंदीवरून ठरविता यावे. ज्या इंदूरच्या शेजारी महू येथे बाबासाहेब जन्मले, त्या इंदूरची ही गोष्ट आहे. अशा पाहणीत वहीपेन घेऊन हिंडणारा तरुण जर अशा वस्तीत वाढलेला असेल, तर तो कोणता प्रश्न जास्त विचारील? तो विचारील : नळ आहे, पण त्यावर पाणी भरावयास तुम्हांला कोणी अडवते का? वाहिनी तुमच्या गल्लीच्या आधीच का थांबली? हा प्रश्न छापील नमुन्यात नसतो. तो अनुभवात असतो. आपल्या मुलांनी त्या टेबलाशी बसावे असे मी म्हणतो ते मानासाठी नव्हे, या प्रश्नासाठी म्हणतो.

आणि हा मार्ग आपल्याला परका आहे असेही समजू नका. बाबासाहेबांना आपण घटनाकार म्हणून वंदन करतो. परंतु १९१५ साली कोलंबिया विद्यापीठात त्यांनी एम. ए. साठी जो प्रबंध लिहिला तो ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर व जमाखर्चावर होता. १९२५ साली त्यांचा जो ग्रंथ प्रसिद्ध झाला तो ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवर होता. सरकारचा पैसा कोठून येतो, कोणाच्या हाती जातो आणि कोठे खर्च होतो, हे त्यांनी तरुणपणीच पक्के शिकून घेतले होते. पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना दामोदर खोऱ्यासारख्या नद्यांच्या योजनांची आखणी त्यांच्या खात्यात झाली. पूर, वीज, पाटबंधारे आणि जलवाहतूक यांचा एकत्र विचार करावा, हे धोरण त्या काळात ठरले. अनेक कामांचा मेळ एका आराखड्यात घालणे, हेच ते कार्यक्रम-व्यवस्थापन.

आता सर्वांत नाजूक गोष्टीकडे येतो. ती पैशाची.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या सचिवालयाच्या नियमांप्रमाणे, आणि यूएन-हॅबिटॅटमध्येही तेच नियम चालतात, उमेदवाराला वेतन मिळत नाही. जाण्यायेण्याचे भाडे, परवान्याचा म्हणजे व्हिसाचा खर्च, राहणे, खाणे, आजारपणाचा विमा, सर्व काही उमेदवाराने स्वतः करावयाचे. मुदत साधारणतः दोन महिन्यांपासून सहा महिन्यांपर्यंत. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्यांना, पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्यांना, किंवा पदवी मिळविलेल्यांना अर्ज करता येतो. उमेदवारी संपल्यावर नोकरी मिळेल असे वचन त्यात मुळीच नाही.

हे ऐकून तुम्हांला आश्चर्य वाटेल. ज्या संघाने १० डिसेंबर १९४८ रोजी मानवी हक्कांचा जाहीरनामा काढला, ज्या जाहीरनाम्याच्या तेविसाव्या कलमात काम करणाऱ्याला न्याय्य मोबदला मिळण्याचा हक्क सांगितला आहे, त्याच संघाच्या दालनात तरुण माणूस फुकट काम करतो! याचा परिणाम उघड आहे. ज्याच्या बापाला सहा महिने नैरोबीत किंवा न्यूयॉर्कमध्ये मुलाला पोसता येते, त्याचा मुलगा तेथे पोहोचतो. ज्याच्या आईची रोजची मजुरी रोजच संपते, त्याची मुलगी कितीही हुशार असली तरी दाराबाहेर राहते. गरिबांच्या वस्त्यांविषयी विचार करणाऱ्या खोलीत गरिबांच्या वस्तीतला कोणीच नसतो. हा दोष त्या संघाच्या कानी आला नाही असे नाही. आंतरराष्ट्रीय मजूर संघटना आपल्या उमेदवारांना निर्वाहवेतन देते. मुलांसाठी काम करणाऱ्या युनिसेफनेही २०१८ पासून ते देण्यास सुरुवात केली. म्हणजे ही गोष्ट अशक्य नाही. सर्वत्र तसे व्हावे अशी मागणी आपल्या शिकलेल्या तरुणांनी मोठ्या आवाजात केली पाहिजे. ती भिक्षा नव्हे, त्या तेविसाव्या कलमाची अंमलबजावणी आहे.

परंतु मागणी मान्य होईपर्यंत घरातील माणसांनी काय करावे? मी तुम्हांला स्पष्ट सांगतो, कारण येथे भावनेच्या भरात कुटुंबे बुडतात. बिनपगारी उमेदवारीसाठी शेत विकू नका. सावकाराचे कर्ज काढू नका. बहिणीच्या शिक्षणाला ठेवलेला पैसा भावाच्या विमानभाड्याला देऊ नका. हे अपशकुनाचे बोलणे नव्हे. बाबासाहेबांसारखा असामान्य बुद्धीचा विद्यार्थी १९१३ साली अमेरिकेला गेला तो बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर गेला. महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षे, असा तिचा हिशोब ठरलेला होता आणि त्यासाठी त्यांनी करारावर सही केली होती. बुद्धीला आधाराची गरज नसती, तर त्यांना ती शिष्यवृत्ती कशाला लागली असती? आधार मागण्यात लाज नाही. हिशोब न करता उडी घेण्यात मात्र शहाणपण नाही.

तेव्हा पत्र आले, की घरातील सर्वांनी, आईलाही बोलावून, एकत्र बसावे आणि महाडच्या ठरावाला आपण जे चार प्रश्न विचारले तेच त्या पत्राला विचारावेत. खर्च कोण करणार? किती महिने आणि केव्हापासून? एकूण किती रुपये, भाडे, जेवण, विमा सर्व धरून? आणि शेवटी हातात काय पडले हे पाहणार कोण, म्हणजे शिकविणारा वरिष्ठ कोण आणि तो कोणते काम देणार? चारांची उत्तरे समाधानकारक असतील तर मुलाला किंवा मुलीला आनंदाने पाठवा. नसतील तर नम्रपणे नकार कळवा. नकार म्हणजे अपयश नव्हे. अलीकडे काही उमेदवाऱ्या घरी बसून संगणकावर करता येतात. तसे विचारूनही पाहावे.

याच ठिकाणी एक इशारा देतो. संयुक्त राष्ट्रसंघ अर्ज, मुलाखत किंवा नेमणूक यांपैकी कोणत्याही पायरीवर उमेदवाराकडून एक पैसाही फी घेत नाही. कोणी मध्यस्थ "तुमची जागा पक्की करतो, इतके हजार भरा" असे म्हणू लागला, तर तो लबाड आहे असे खुशाल समजा, मग त्याच्या कागदावर निळा शिक्का कितीही मोठा असो.

दुसरा मार्ग शिष्यवृत्तीचा. महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. केंद्र सरकारचीही परदेश शिष्यवृत्ती आहे. अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या सवलती १९९० सालच्या दुरुस्तीने लागू झाल्या, हे विसरू नका. या शिष्यवृत्त्या पदवीसाठी असतात, उमेदवारीसाठी नव्हे. परंतु जो विद्यार्थी अशा शिष्यवृत्तीवर नगररचना, सार्वजनिक वित्त किंवा विकास-प्रशासन शिकतो, त्याला तेथे राहूनच उमेदवारीची संधी मिळू शकते. म्हणून क्रम ध्यानात ठेवा : आधी शिष्यवृत्ती, मग उमेदवारी. आणि त्याच्याही आधी कागद. जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र अकरावीतच काढून ठेवा. शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवून पुष्कळ हुशार मुलांची वर्षे वाया गेली आहेत.

तिसरा मार्ग मला सर्वांत जवळचा वाटतो. तो तुमच्या गावातून जातो. परभणीला महानगरपालिका आहे. गंगाखेड, जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, पूर्णा येथे नगरपरिषदा आहेत. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या १८ लाख ३६ हजार होती आणि तिच्यातील शेकडा ३१ च्या आसपास लोक शहरांत राहत होते. हे प्रमाण वाढणारच. १ जून १९९३ पासून अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना घटनेत स्थान दिले आणि बारावे परिशिष्ट जोडून झोपडपट्टी सुधारणा, पाणीपुरवठा, नगररचना अशी अठरा कामे त्यात लिहिली. म्हणजे जे काम नैरोबीची संस्था जगाला शिकवू पाहते, ते करण्याची जबाबदारी तुमच्या नगरपरिषदेवर आहे. केंद्र सरकारने ४ जून २०२० रोजी ट्यूलिप नावाचा कार्यक्रम सुरू केला, तो नव्या पदवीधरांना नगरपालिकांत उमेदवारी करता यावी म्हणूनच. महाराष्ट्र सरकारने २०२४ साली तरुणांच्या कार्यप्रशिक्षणाची योजना जाहीर केली. तीत बारावी, पदविका आणि पदवी यांप्रमाणे दरमहा सहा, आठ आणि दहा हजार रुपयांचे विद्यावेतन ठरविले होते. अशा योजना निघतात तेव्हा त्यांची बातमी आपल्या वस्तीत सर्वांत शेवटी पोहोचते, पाण्यासारखीच. ही बातमी पोहोचविण्याचे काम आपल्या वाचनालयांनी आणि विहारांनी करावे.

शिकण्याच्या जागाही फार दूर नाहीत. तुळजापूर येथे टाटा समाजविज्ञान संस्थेचे आवार आहे. १९२६ साली मुंबईत स्थापन झालेली अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था नगरपालिकांच्या कारभाराचे शिक्षण देत आली आहे. १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादेत बाबासाहेबांनी महाविद्यालय काढले ते मराठवाड्यातील मुलाला मुंबई गाठता येत नाही, हे जाणूनच. दूर असलेली विद्या जवळ आणणे, ही त्यांची रीत होती.

जो तरुण आपल्या नगरपरिषदेत सहा महिने बसून घरकुलांची यादी तपासतो, त्याला एक गोष्ट लवकरच कळते. रमाई आवास योजनेसारखी घराची योजना आपल्यासाठी असते, पैसाही असतो, पण ज्याच्याजवळ जागा आपल्या नावावर असल्याचा कागद नाही त्याचे नाव यादीतून गळते. घर नाही म्हणून योजना, आणि जागा नाही म्हणून घर नाही! हे कोडे कोणत्या कलमाने, कोणत्या अधिकाऱ्याच्या सहीने सुटते, हे ज्याने स्वतः शोधून काढले, त्याला उद्या नैरोबीतील मोठ्यात मोठा तज्ज्ञही काही विचारावयास लागेल. आणि ज्याने हे कधी पाहिले नाही, तो नैरोबीहून परत आला तरी त्याच्या गळ्यातील ओळखपत्राखेरीज वस्तीला काहीच मिळणार नाही.

मुलींच्या बाबतीत एक वेगळे सांगणे आहे. पाणी कोण भरते? पहाटे अंधारात शौचास कोणाला जावे लागते? रात्री दिव्यावाचूनच्या रस्त्याने भीत भीत घरी कोण येते? शहराच्या या उणिवांचा हिशोब स्त्रीच्या देहावर लिहिलेला असतो. मग तो हिशोब कागदावर लिहिण्याच्या कामी तिला मागे का ठेवावे? मुलगी परगावी उमेदवारीला निघाली की घरात जो विरोध होतो, त्याच घरात मुलगा निघाला की हार घातला जातो. धर्मांतर केलेल्या घरात ही जुनी सवय शिल्लक राहू नये. राहण्याची सुरक्षित सोय आहे की नाही हे अवश्य पाहा, पण ते मुलगा आणि मुलगी दोघांसाठीही पाहा.

शेवटी विद्यार्थ्यांना एकच सांगतो. नैरोबीचे पत्र येईल तेव्हा येईल. उमेदवारी आज रात्रीपासून सुरू करता येते. एक वही घ्या. आपल्या गल्लीतील घरे मोजा, तोट्या मोजा, आणि कोणत्या तोटीला किती वाजता व किती वेळ पाणी येते, हे पंधरा दिवस लिहा. आईला विचारून लिहा, कारण खरी वेळ तिलाच ठाऊक असते. मग नगरपरिषदेच्या अहवालात तुमच्या वस्तीविषयी काय लिहिले आहे ते मागा. २००५ सालच्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने ते तुम्हांला मागता येते. दोन कागद शेजारी शेजारी ठेवा. जेथे ते जुळत नाहीत, तेथे बोट ठेवून चार प्रश्न विचारा : कोण, केव्हा, कितीत, आणि पाहणार कोण?

चवदार तळ्याचा ठराव आणि पाणी यांच्यात तेरा वर्षे गेली. आज आत जाण्याचा रस्ता आहे. तो दिल्लीतून असो, नैरोबीतून असो, की परभणीच्या महानगरपालिकेच्या जिन्यावरून असो, आपल्या मुलांनी तो चालावा आणि चालताना ती वही हातात ठेवावी, एवढेच माझे तुमच्याजवळ मागणे आहे.

जय भीम.